पंखाच्या आतली बाजू

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपात, इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी डोळे भरून पाहिलं. घरी बांधलेल्या विमानात मला सर्वांत ओढ आहे ती पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळीची, म्हणजे रिबची. रिव्हेट मारून पंख एकदा बंद झाला की ती बांधणाऱ्यालाही सहसा दिसत नाही. तिच्यावरचा पिवळट हिरवा प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा क्रोमेटचा लेप, मात्र नीट वाचावा असा आहे.

विमानाचा पत्रा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा नसतो, कारण ते मऊ. थोडं तांबं मिसळून तापवून विझवलं, की ते पडल्या पडल्या कडक होतं, हे आल्फ्रेड विल्म यांना १९०६मध्ये सापडलं. आजच्या ‘२०२४’ क्रमांकाच्या मिश्रधातूत तांबं चार टक्क्यांच्या आसपास असतं. ताकद त्याच तांब्याची आणि दुखणंही त्याचंच: ओल लागली की तांब्याच्या कणांभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी वर येते. म्हणून अल्क्लॅड पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. तो आधी झिजतो, गाभा वाचवतो. कापलेली कड आणि रिव्हेटचं भोक मात्र उघडंच राहतं.

लेपाआधीची तयारी फार सुंदर असते. तेलकटपणा काढायचा, पत्रा हलका घासायचा, मग त्यावर पाणी सोडायचं. पाण्याचा पापुद्रा अखंड पसरला तर पत्रा स्वच्छ. पाणी थेंबाथेंबांत फुटलं तर बोटाचा ठसा अजून कुठेतरी आहे. अलोडाइन हे क्रोमेटचं द्रावण लावलं की पत्र्यावर हलकी सोनेरी झाक येते. त्यावर प्रायमर इतका पातळ मारतात की खालचा धातू जाणवत राहतो, कारण प्रत्येक थराचं वजन विमानालाच उचलायचं असतं.

आणि मग क्रोमेटची खरी करामत. कल्हई भांड्यावरून उडाली की संपली. क्रोमेटच्या प्रायमरला ओरखडा गेला तर ओलीत थोडं क्रोमेट विरघळतं, उघड्या धातूपर्यंत पोचतं आणि तिथे न विरघळणारा नवा पापुद्रा धरतं. जखम होईल हे गृहीत धरून केलेली ही रचना मला थोर वाटते. तिची किंमतही खरी आहे: क्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगकारक, फवारताना मास्क लावलाच पाहिजे.

आमच्या हैदराबादच्या अंबरपेठेत कुणी म्हणेल, समुद्र अडीचशे किलोमीटरांहून दूर, हवा कोरडी, हा खटाटोप कशाला? पण इथे बांधलेलं विमान दोन-तीन तासांत गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभं असू शकतं. मोकळा अल्क्लॅड एक वेळ तसाच सोडा. पत्र्यावर पत्रा येतो तिथे लेप हवाच. त्या फटीत शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही, गंज फुगतो आणि रिव्हेटांमधला पत्रा उचलतो. हवाईतल्या अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग २८ एप्रिल १९८८ रोजी उडतानाच उखडला, त्यामागे अशाच जोडांचा चिकटपणा सुटणं, गंज आणि थकलेला धातू होता. म्हणूनच लेप ओला असतानाच रिव्हेट मारणारे कारागीर मला फार आवडतात.