फ्रीव्हीलची टिकटिक

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराच वेळ समुद्राला लगटून चालतो. त्यातला एखादा चढ संपला की मी पायडल मारणं थांबवतो आणि सायकल बोलू लागते. आधी सुटी टिकटिक, मग वेग चढेल तसा सलग किर्रर्र आवाज. हे फ्रीव्हीलचं बोलणं. सायकलमधला सर्वांत देखणा शोध कोणता असं कुणी विचारलं, तर मी मागच्या चाकावरच्या या मूठभर लोखंडाकडे बोट दाखवीन.

आत पाहावं तर मामला किती थोडक्यात उरकलेला! बाहेरच्या कड्याला चेनचे दाते, त्याच कड्याच्या आतल्या अंगाला एकाच बाजूला कललेले बारीक खाचे. मधल्या भागावर दोन छोटे खटके. सायकलवाले त्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. केसासारखी बारीक स्प्रिंग त्यांना सतत वर उचलून धरते. पायडल मारलं की खाचा कुत्र्याला अडतो आणि चाक ओढलं जातं. पाय थांबला की कुत्रे खाच्यांवरून घसरत, टिकटिकत पुढे जातात. समोर 44 दाते आणि मागे 18 असतील, तर 28 इंची सायकल पायाच्या एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर पळते. या रचनेचं मर्म एवढंच, की कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

हे सुख सायकलीला जन्मतः मिळालेलं नव्हतं. सुरुवातीच्या सायकलींत चाक फिरलं की पायडलही फिरायचंच. उतारावर पाय पायडलवरून उचलून अधांतरी धरावे लागत. अमेरिकेत 1869 साली फ्रीव्हीलचं पेटंट निघालं, तरी ते सर्रास दिसू लागलं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. त्याच 1869 साली फ्रान्समध्ये ज्यूल सुरिरे यांनी सायकलीच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्या वर्षीच्या पॅरिस–रुआँ शर्यतीत जेम्स मूर जिंकले, ते असे छर्रे बसवलेल्या सायकलवर. आज फ्रीव्हीलच्या पोटातही बारीक छर्ऱ्यांच्या दोन ओळी असतात.

स्केट्सची चाकंही छर्ऱ्यांवरच फिरतात, पण त्यांत फ्रीव्हील नसतं. मग पुढे ढकलणं जमतं कसं? स्केटचं चाक पुढेमागे मोकळं धावतं, आडवं मात्र जमिनीला धरून राहतं. खेळाडू पाऊल तिरकं करून त्या धरण्यावर रेटा देतो, दुसरं पाऊल सरळ घरंगळू देतो. कुत्र्याचं काम तिथे माणसाचा पाय करतो. वळण्याची सोय 1863 साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी केली. त्यांनी चाकांच्या आसाला रबराची उशी दिली. अंग कललं की आसही त्या बाजूला वळतो.

आपल्या किनाऱ्यावर या नाजूक कारागिरीचे दोन वैरी : खारा वारा आणि वाळू. नागाव–आक्षीच्या ओल्या, घट्ट पुळणीवर सायकल झकास पळते, पण बारीक वाळू चेनमधून आत शिरते. खाऱ्या ओलीने स्प्रिंग गंजते, ग्रीस घट्ट होतं, कुत्रे खालीच चिकटून बसतात. मग पायडल रिकामं फिरतं आणि सायकल जागची हलत नाही. एकदा काशिदच्या चढावर माझी अशीच फजिती झाली, ती माझ्याच हलगर्जीपणाने. तेव्हापासून किनाऱ्यावरून आलो की सायकल गोड्या पाण्याने पुसतो, वाळवतो, फ्रीव्हीलमध्ये रॉकेलचे चार थेंब सोडून चाक उलटसुलट फिरवतो आणि शेवटी तेल देतो.

मांडव्याला उतरून मुरूडपर्यंत, आगरदांड्याहून फेरीने दिघीला आणि पुढे बागमांडल्यापर्यंत सायकलने जाणारे आता पुष्कळ भेटतात. त्यांना एकच विनंती : उतारावर कानातली गाणी काढून ठेवा आणि फ्रीव्हील ऐका. टिकटिक स्वच्छ असेल तर सायकल निरोगी आहे. घोगरी झाली असेल तर त्याच संध्याकाळी तिला तेल द्या.