पूर्वसूचना आणि कारण : 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या उत्तरार्धातील संहितालेखन

एखादी दीर्घ कथा 'बिघडली' असे तिचे रसिकच म्हणू लागतात, तेव्हा नेमके काय बिघडलेले असते, हा प्रश्न दूरचित्रवाणी मालिकांच्या संदर्भात फारशा गांभीर्याने विचारला जात नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही अमेरिकन अद्भुतरम्य मालिका एचबीओ वाहिनीवरून १७ एप्रिल २०११ ते १९ मे २०१९ या काळात आठ पर्वांत आणि ७३ भागांत प्रक्षेपित झाली. तिचा शेवटचा भाग त्या रात्री अमेरिकेत सुमारे १ कोटी ९३ लाख प्रेक्षकांनी पाहिला. आठवे पर्व नव्याने लिहिले जावे अशी मागणी करणाऱ्या निवेदनाला दहा लाखांहून अधिक लोकांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षी मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. लेखनाचा पुरस्कार मात्र दुसऱ्या मालिकेकडे गेला. अभिनय आणि संगीत यांविषयी फारशी तक्रार नव्हती. रोष होता तो संहितेवर. म्हणूनच या ऱ्हासाचा विचार संहितेच्या अंगाने होणे आवश्यक ठरते.

या ऱ्हासाची सर्वपरिचित उपपत्ती मूळ ग्रंथांच्या अपूर्णतेकडे बोट दाखविते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेचे पाच खंड १९९६ ते २०११ या काळात प्रसिद्ध झाले. सहावा खंड मालिका संपेपर्यंत आला नव्हता. पाचव्या पर्वानंतर पटकथाकार डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांना कादंबरीचा आधार जवळजवळ उरला नाही, आणि पहिल्या चार पर्वांत प्रत्येकी एक भाग लिहिणारे मार्टिनही लेखनातून दूर झाले होते. ही वस्तुस्थिती खरी असली तरी ती उपपत्ती म्हणून अपुरी आहे. पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी आपल्या मोडलेल्या संसाराविषयी शांतपणे बोलतात, तो प्रसंग कादंबरीत नाही. दुसऱ्या पर्वात टायविन लॅनिस्टर आणि वेषांतर करून त्याची सेवा करणारी आर्या यांच्यातील संवादही पटकथाकारांचेच. मालिकेतील उत्कृष्ट लेखनाची उदाहरणे म्हणून हेच प्रसंग वारंवार दिले जातात. म्हणजे लेखकांकडे स्वतंत्र प्रतिभा नव्हती असे म्हणता येत नाही. ती कोणत्या नियमांच्या चौकटीत काम करीत होती आणि ती चौकट पुढे का ढळली, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वार्धाची चौकट परिणामांच्या हिशेबावर उभी आहे. पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात तरुण सेनानी रॉब स्टार्क याला सैन्यासह नदी ओलांडावयाची आहे. पूल वॉल्डर फ्रे या सरदाराच्या ताब्यात आहे. वाट देण्याचे मोल म्हणून रॉबने त्याच्या मुलीशी विवाह करण्याचे वचन दिले जाते. दुसऱ्या पर्वात रॉब प्रेमापोटी अन्यत्र विवाह करतो. तिसऱ्या पर्वात कारस्टार्क या आपल्याच सरदाराला तो न्यायनिष्ठेपायी देहदंड देतो आणि त्याचे सैन्य गमावून बसतो. सैन्य घटल्यामुळे त्याला पुन्हा फ्रेच्या दारी जावे लागते, आणि तेथील विवाहसोहळ्यात त्याची, त्याच्या पत्नीची व आईची कत्तल होते. वचन आणि त्याची फेड यांत बरोबर वीस भागांचे अंतर आहे. २०१३ मध्ये या प्रसंगाने प्रेक्षक हादरले. परंतु मागे वळून पाहता त्यातील एकही दुवा गळलेला दिसत नाही. धक्का आणि अपरिहार्यता या दोन्हींचा प्रत्यय एकाच क्षणी येतो, यात या लेखनाचे सामर्थ्य आहे. प्रेम आणि न्याय ही मूल्ये येथे खोटी ठरत नाहीत. त्यांची किंमत मात्र मोजावी लागते.

याच्या शेजारी सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग (२०१६) ठेवून पाहावा. सर्सी राजधानीतील महामंदिर स्फोटाने उद्ध्वस्त करते. धर्मप्रमुख, तरुण राणी, तिचे पिता व बंधू आणि अनेक सरदार एका क्षणात नाहीसे होतात. राजा आत्महत्या करतो. सर्सी सिंहासनावर बसते. दृश्य म्हणून हा प्रसंग अत्यंत प्रभावी आहे, आणि सर्सीच्या स्वभावाशी तो विसंगतही नाही. उणीव त्याच्या नंतर जाणवते. त्याआधीच्या दोन पर्वांत धर्मपीठाची सत्ता दरिद्री नगरजनांच्या संतापातून कशी वाढते, हे सविस्तर दाखविलेले आहे. त्या श्रद्धेचे केंद्र भस्मसात झाल्यावर नगरात ना दंगल होते, ना राज्यात कोणी धर्माच्या नावाने उठाव करतो. टायरेल घराण्याचा सूड हा एकच धागा उरतो आणि तोही लवकर आटोपतो. ज्या कथाविश्वात एका मोडलेल्या विवाहवचनामुळे राज्य बुडते, त्यात एवढ्या मोठ्या संहाराचा समाजावर कोणताच परिणाम होत नाही. लेखनाच्या ऱ्हासाची सुरुवात येथे निश्चितपणे दाखविता येते. घटना भव्य होत जातात आणि त्यांचे पडसाद क्षीण होत जातात.

अद्भुतरम्य कथेत असा हिशेब मागणे गैर आहे, असा आक्षेप घेतला जातो: ज्या जगात ड्रॅगन उडतात त्या जगाला वास्तवाचे मोजमाप कशाला? हा आक्षेप वास्तव आणि संभवनीयता यांत गल्लत करतो. शक्य परंतु न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य परंतु पटणारी घटना श्रेयस्कर, हा ॲरिस्टॉटलचा विवेक अद्भुताला विशेषत्वाने लागू पडतो. ड्रॅगन ही या कथेची गृहीत अट आहे. ती एकदा मान्य केल्यानंतर बाकीच्या जगाचे नियम अधिकच काटेकोरपणे पाळावे लागतात. पहिल्याच भागात राजाचा लवाजमा महिनाभर प्रवास करून उत्तरेतील विंटरफेलला पोचतो. त्या एका तपशिलाने राज्याचा विस्तार, संदेशांचा विलंब आणि राजसत्तेची मर्यादा सिद्ध होते. सातव्या पर्वाच्या सहाव्या भागात (२०१७) उत्तरेच्या टोकाला वेढ्यात सापडलेल्यांचा निरोप कावळ्यामार्फत दूरच्या बेटावर जातो आणि ड्रॅगनस्वार डनेरिस ऐनवेळी येऊन पोचते. कालगणनेवर झालेल्या टीकेला उत्तर देताना दिग्दर्शक ॲलन टेलर यांनी संभवनीय अशक्यतेच्याच कल्पनेचा आधार घेतला होता. परंतु येथे शंका ड्रॅगनविषयी नाही. अंतर हे या कथेतील एक कारक तत्त्व होते. ते सोयीनुसार रद्द झाले, ही तक्रार आहे.

सर्वाधिक वाद झाला तो डनेरिसच्या अंताविषयी. आठव्या पर्वाच्या पाचव्या भागात शरणागतीच्या घंटा वाजल्यानंतर, युद्ध जिंकलेले असताना, ती संपूर्ण नगर जाळते. या वळणाचे समर्थक पूर्वसूचनांची यादी देतात: चौथ्या पर्वात १६३ गुलाममालकांना दिलेला वधस्तंभाचा दंड, सातव्यात टार्ली पितापुत्रांचे दहन, पित्याच्या उन्मादाचा वारसा. यादी अचूक आहे. परंतु पूर्वसूचना म्हणजे कारण नव्हे. पूर्वसूचना प्रेक्षकाला उद्देशून असते. कारण पात्राच्या आत घडावे लागते. गुलाममालकांना दिलेला दंड हा तितक्याच मुलांच्या हत्येचा प्रतिशोध होता, आणि टार्लींनी शरण येण्यास नकार दिला होता. प्रत्येक वेळी क्रौर्याला एक तर्क होता. शरण आलेल्या निरपराध नगराला जाळण्यापर्यंत तो तर्क कसा पोचला, हे दाखविणे हेच लेखकांचे काम होते.

भारतीय नाट्यमीमांसेची पंचसंधींची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. ती एका नायकाच्या फलप्राप्तीच्या नाटकासाठी रचलेली असल्यामुळे बहुनायकी मालिकेला जशीच्या तशी लावता येणार नाही, हे खरे. तरी बीज आणि निर्वहण यांच्या दरम्यान प्रतिमुख, गर्भ आणि विमर्श या अवस्था येणे आवश्यक मानले गेले, यामागचा विचार मोलाचा आहे. धनंजयाच्या 'दशरूपका'त विमर्शाचा संबंध क्रोध, व्यसन आणि विलोभन यांच्याशी जोडलेला आहे. गर्भात वाढलेले बीज तेथे कसोटीला लागते. डनेरिसच्या कथेत बीज आहे आणि निर्वहणही आहे. गळला आहे तो विमर्श. शेवटच्या पर्वात विश्वासू सेवकाचा मृत्यू, ड्रॅगनचा वध, सखीचा शिरच्छेद, जॉनच्या वारसाहक्काचा उलगडा आणि व्हॅरिसचा द्रोह हे सारे आघात मोजक्या भागांत तिच्यावर कोसळतात. त्यांची बेरीज होते, परंतु त्यांच्यातून मन घडताना दिसत नाही. ड्रॅगन नगरावर झेपावल्यानंतर त्या भागात तिचा चेहराही पुन्हा जवळून दिसत नाही. ज्या क्षणाचे उत्तर तिच्या अंतःकरणात शोधावयाचे, त्याच क्षणी कथनाने तिची साथ सोडलेली असते.

हाच दोष अन्यत्रही दिसतो. मालिकेचे पहिले दृश्य उत्तरेच्या भिंतीपलीकडील मृतांच्या संकटाचे आहे. सिंहासनाचा कलह क्षुद्र ठरविणारे हे सूत्र सात पर्वे वाढविले गेले. आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागात ते एका रात्रीत संपते, आणि उरलेला कलह जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालू होतो. आधिकारिक वाटलेली कथा अखेरीस प्रासंगिक ठरते. चौथ्या भागात शत्रूचे आरमार ड्रॅगनला ठार करते. त्यावर बेनिऑफ यांचे स्पष्टीकरण असे, की डनेरिसला त्या आरमाराचा जणू विसरच पडला होता. पात्राचा विस्मर हे येथे कथानकाचे साधन झाले आहे.

या स्थितीची कारणे निर्मितिप्रक्रियेत शोधावी लागतात. मार्टिन यांनी शेवटाची ठळक रूपरेषा निर्मात्यांना सांगितलेली होती. मुक्काम ठाऊक होते, वाटा अलिखित होत्या. त्यातच पहिल्या सहा पर्वांचे प्रत्येकी दहा भाग असताना सातवे पर्व सात आणि आठवे सहा भागांचे झाले. वाहिनीची अधिक भागांची तयारी होती. कथा आटोपती घेण्याचा निर्णय निर्मात्यांचा होता. प्रारंभी तुटपुंज्या निधीमुळे लढाया टाळाव्या लागत: पहिल्या पर्वात टिरियन बेशुद्ध पडतो आणि युद्ध पडद्यावर येतच नाही. त्या टंचाईने लेखकांना दोन माणसांच्या संवादाकडे वळविले. पुढे साधनांची विपुलता आली आणि युद्धदृश्यांनी संवादाची जागा घेतली. विमर्शाला लागणारा अवकाश असा दोन्ही बाजूंनी आक्रसत गेला.

प्रेक्षकांची निराशा ही केवळ अपेक्षाभंगाची होती, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. नेड स्टार्कचा शिरच्छेदही अपेक्षाभंगच होता. तरी त्याने मालिकेवरील विश्वास वाढविला, कारण सर्सीच्या मुलांविषयी नेडला वाटलेल्या दयेतून तो घडला होता. शेवटच्या भागात टिरियन भर सभेत कथेच्या सामर्थ्याचा गौरव करतो आणि ज्याची कथा सर्वश्रेष्ठ, त्या ब्रॅनला राजा करावे असे सुचवितो. सभा तत्काळ संमती देते. परंतु ब्रॅनची कथा पाचव्या पर्वात मालिकेने पूर्णपणे बाजूला ठेवली होती, आणि पुढेही तिला फारसा विस्तार मिळाला नाही. सरदारांना ती कितपत ठाऊक आहे, हेही संहिता सांगत नाही. कथेच्या श्रेष्ठतेचा निर्वाळा येथे संवादाने दिला जातो. तो देण्याचा अधिकार मिळविण्यासाठी जे कथन आधी व्हावयास हवे होते, ते झालेले नाही.