मोहन कल्पना : एका शीर्षकाचा अर्थ

सिंधमधील कोटरी येथे १९३० साली जन्मलेले सिंधी कथाकार मोहन कल्पना फाळणीनंतर निर्वासित म्हणून आले व उल्हासनगरात स्थिरावले. १९८४ साली साहित्य अकादमीने त्यांच्या ‘उह शाम’ या कादंबरीचा गौरव केला; १९९२ साली ते निवर्तले.

‘बुख, इश्क, अदब’ हे त्यांच्या आत्मचरित्राचे नाव मराठी वाचकास परके वाटत नाही आणि हाच त्यातील चकवा होय. ‘बुख’ व ‘भूक’ यांचे मूळ एकच. महाप्राणत्व सिंधीत अखेरीस राहिले, मराठीत आरंभी. ‘इश्क’ आपल्या लावणीलाही परिचित आहे. ‘अदब’ मात्र मराठीत आदर वा विनय सुचविते. सिंधीत वाङ्मय हाही त्याचा रूढ अर्थ असून येथे तोच अभिप्रेत आहे. लेखनाला भूक व प्रेम यांच्या पंक्तीस बसविणारे हे शीर्षक मराठीत निव्वळ शिष्टाचारवाचक ठरते.

म्हणून अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी शेजाऱ्यांसाठी या ग्रंथाचे अरबी वळणाच्या लिपीतून देवनागरीत केवळ लिप्यंतर करून भागणार नाही. अनोळखी शब्द कोशाकडे धाडतो. ओळखीचा शब्द निर्धास्त करून फसवितो. ती लिपी व ते अर्थ जाणणारी पिढी विरळ होत असताना साक्षेपी भाषांतराचे कार्य लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.