दोन तासांचं पॉम्पेई

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी पॉम्पेईचे फोटो दाखवले, तेव्हा दोघातिघांनी एकच विचारलं, "टूर घेऊन जायचं, की आपलं आपण?" त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. घरी आल्यावर वाटलं, याचं नीट उत्तर द्यायला हवं. कारण आपणही बेळगावच्या किल्ल्यात लोकांना घेऊन फिरतोच की. म्हणून हे परीक्षण. शहराचं नव्हे, इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलेलं ते शहर माझ्या परीक्षणावाचून चांगलंच उभं आहे. परीक्षण आहे ते शहर दाखवणाऱ्या सहलीचं.

मी आणि माझा पुतण्या मार्च २०२५ मध्ये रोमहून एक दिवसाच्या सहलीला गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चौकशी केल्यावर कळलं की बहुतेकांचा कार्यक्रम थोड्याफार फरकाने हाच असतो. सकाळी सातला बस. अंतर सुमारे २४० किलोमीटर, मध्ये एक चहाकॉफीचा थांबा. मला वहीत वेळा टिपायची खोड आहे, त्यामुळे हिशेब पक्का आहे. शहरात पाऊल टाकलं ११ वाजून ५ मिनिटांनी, बाहेर पडलो १ वाजून १० मिनिटांनी. जेवण एक तास वीस मिनिटं. त्यानंतर शिंपल्यावर कोरीव काम करणाऱ्या एका कारखान्याच्या दुकानात पन्नास मिनिटं. ते दुकान सहलीच्या पत्रकात 'स्थानिक कलेचा परिचय' या नावाने छापलेलं होतं. म्हणजे 'पूर्ण दिवस पॉम्पेई' यातलं पॉम्पेई दोन तास पाच मिनिटांचं. शहर सुमारे ६६ हेक्टरचं, म्हणजे आपल्या हिशेबाने एकशे साठ एकरांच्या वर. त्यातलं दोनतृतीयांश उकरून झालंय, उरलेलं अजून राखेखालीच आहे.

पण वेळेची तक्रार ही खरी तक्रार नव्हे. दोन तासांतही पुष्कळ सांगता येतं. काय सांगितलं, त्याबद्दल बोलायचंय.

आमचा गाईड हुशार माणूस होता. आवाज खणखणीत, विनोद वेळेवर, तीस माणसांचा घोळका कुठेही न सांडता नेण्याचं कसब वाखाणण्यासारखं. पोर्ता मरीना या दरवाजातून आम्ही वर चढलो, आणि फोरमच्या मोकळ्या चौकात, मागे व्हेसुव्हियस दिसतोय अशा जागी उभं करून त्याने सुरुवात केली : २४ ऑगस्टचा दिवस, गजबजलेला बाजार, सुखी-समृद्ध शहर, आणि अचानक मृत्यू.

आता या एका वाक्यात किती गोष्टी ठाम आहेत ते बघा. २४ ऑगस्ट ही तारीख धाकट्या प्लिनीच्या पत्राच्या एका पाठातून आलेली. त्याच्या हस्तलिखितांमध्ये तारखेबाबत एकवाक्यता नाही. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यातली तारीख आपल्या हिशेबाने १७ ऑक्टोबर येते, वर्ष मात्र दिलेलं नाही. शरदातली फळं, शेगड्या असेही पुरावे पुढे केले जातात. उलट बाजूने ऑगस्टच बरोबर म्हणणारेही आहेत, वाद मिटलेला नाही. 'सुखी-समृद्ध' म्हणावं, तर इसवी सन ६२ च्या सुमारास मोठा भूकंप झाला होता आणि सतरा वर्षांनंतरही शहरात ठिकठिकाणी डागडुजी चाललेली होती. 'अचानक' म्हणावं, तर आधी कित्येक तास नुसते हलके सच्छिद्र दगड पडत होते. छपरं त्या वजनाने कोसळली, आणि दरम्यान पुष्कळ लोक शहर सोडून निघूनही गेले. जीवघेणे तप्त राखेचे लोट आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. घोळक्यातले निम्मे लोक परतताना 'लाव्हा, लाव्हा' म्हणत होते. लाव्हारस या शहरात आलाच नाही. गाईड तसं म्हणाला नव्हता हे खरं, पण ते तसं नाही, हेही म्हणाला नव्हता.

फोरमच्या कडेला धान्याच्या जुन्या कोठारात लोखंडी गजांपलीकडे मडकी, रांजण यांच्या शेजारी माणसांचे आणि एका कुत्र्याचे साचे ठेवलेत. तिथे सगळे गप्प होतात. गाईडने आवाज खाली आणला आणि टॅबवर एक फोटो दाखवला : मांडीवर मूल, हातात सोन्याचं कडं. "आई," तो म्हणाला, "शेवटच्या क्षणीही लेकराला सोडलं नाही." माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

आम्ही सहलीला गेलो त्याच्या चारच महिने आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, या साच्यांमधल्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्या घरातली ती 'आई' पुरुष निघाली, आणि मांडीवरच्या मुलाशी तिचं, म्हणजे त्याचं, रक्ताचं नातं नाही. दुसऱ्या एका घरात एकमेकांना बिलगलेल्या दोघींना 'बहिणी' किंवा 'मायलेकी' म्हणत. त्यांतलं निदान एक जण पुरुष आहे. कडं दिसलं की बाई, मूल दिसलं की आई, असं आपण गृहीत धरलं होतं.

मला खटकलं ते हे : खरी हकीकत जास्त हलवून टाकणारी आहे. नात्यागोत्याचं नसलेलं पोर एका माणसाने शेवटच्या क्षणी जवळ घेतलं. कोण असेल तो? गुलाम? शेजारी? हा प्रश्न त्या घोळक्याला पेलला नसता, असं मला वाटत नाही. त्यातून लोकांची समजूत अशी होते की समोर दिसतात ती दगड झालेली माणसं. खरं म्हणजे देह कुजून राखेत पोकळी राहिली, जोसेप्पे फियोरेल्लीने १८६३ मध्ये त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं आणि पोकळीलाच आकार मिळाला. आत हाडं आहेत, म्हणून तर डीएनए मिळालं. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती, आणि ऐकणाऱ्याला माहितीसोबत 'हे कळलं कसं' तेही समजलं असतं.

'हे कळलं कसं' हा प्रश्न आमच्या अख्ख्या टूरमध्ये दोनदाच आला, आणि त्या दोन जागा सर्वोत्तम होत्या. न्याय करायचा तर त्या सांगायलाच हव्यात. एक, रस्त्याकडेच्या दगडी हौदापाशी. पाणी प्यायला वाकताना माणसं एकाच जागी हात टेकत, तिथे काठ झिजून खळगा पडलाय. गाईडने स्वतः तिथे हात ठेवून दाखवला आणि काहीच बोलला नाही. वा! दोन, चाकोऱ्या. गाडीच्या चाकांनी रस्त्याच्या फरशीत पडलेल्या खोल चऱ्या, आणि कोपऱ्यावरच्या कडेचे दगड कुठल्या बाजूने घासले गेलेत ते पाहून काही रस्ते एकेरी वाहतुकीचे होते हे अभ्यासकांनी ओळखलंय. तिथे त्याने आम्हालाच विचारलं, "सांगा, गाडी कुठून येत असेल?" पाच मिनिटं सगळे गुडघ्यावर बसून दगड चाचपत होते. पुतण्या म्हणाला, "काका, आता कुठं पैसे वसूल झाले बघा."

आणि मग नेलं ते लुपानारला, म्हणजे कुंटणखान्यात. दोन तासांतली वीस मिनिटं इथे गेली. त्यातली बारा रांगेत, कारण सगळ्या टूरना इथे यायचंच असतं. वाटेत फरशीवर कोरलेलं लिंग दाखवून गाईड डोळे मिचकावत म्हणाला, "हा बाण. गिऱ्हाइकांना रस्ता दाखवायला." हशा. ही पॉम्पेईतली सगळ्यात लाडकी थाप असावी. अशी चिन्हं शहरभर आहेत, दुकानांवर आहेत, भटारखान्यातही सापडली आहेत, आणि ती मुख्यतः नजर लागू नये, भरभराट व्हावी म्हणून असत असं अभ्यासक मानतात. दाराला लिंबूमिरची टांगणाऱ्या, नव्या घराला काळी बाहुली लावणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायचीही गरज पडू नये. तशीच गोष्ट कुंटणखान्यांच्या संख्येची. पूर्वी तीस-पस्तीस मोजले जात. काटेकोर निकष लावले तर खात्रीने एवढाच एक उरतो.

आतल्या खोल्या बघितल्यात तर हसू येत नाही. तळमजल्यावर पाच खोल्या, माणूस जेमतेम मावेल एवढ्या, दगडी ओटा हाच पलंग. भिंतींवर शंभराहून अधिक ओळी खरडलेल्या. तिथे राबणाऱ्या बहुतेक बाया गुलाम होत्या. गाईडने भिंतीवरची चित्रं दाखवली, ओळी दाखवल्या नाहीत, 'गुलाम' हा शब्द तर अख्ख्या दोन तासांत उच्चारला नाही. भटारखान्यात दगडी जाती दाखवली आणि "यांचा पाव आपल्यासारखाच" म्हणाला. २०२३ मध्ये उत्खननात एक भटारखाना निघाला, त्याला खिडक्या म्हणजे लोखंडी गजांचे छोटे झरोके. माणसं आणि गाढवं दोन्ही तिथे कोंडून कामाला जुंपली जात, असं उत्खननकर्त्यांचं मत आहे. पाव आपल्यासारखा असेल, पण पीठ कोण दळत होतं?

फार कडक बोलतोय का मी? गाईडला दिवसाला दोन-दोन घोळके हाकायचे असतात. नोव्हेंबर २०२४ पासून रोज जास्तीत जास्त २० हजार लोकांनाच आत सोडतात, एवढी तिथली गर्दी. लोकांना हसायचं असतं, रडायचं असतं, फोटो हवे असतात. हे मान्य. पण हौदापाशी आणि चाकोऱ्यांपाशी तेच लोक, त्याच उन्हात, मन लावून बघत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून 'पब्लिकला हेच लागतं' हे मला पटत नाही.

आता आपल्याशी संबंध असलेली एक जागा, जी टूरमध्ये नव्हती. आबुंदान्झा हा तिथला लांबलचक मुख्य रस्ता. टूर स्ताबियन स्नानगृहापाशी वळली आणि आम्ही नाट्यगृहांकडे गेलो. वळलो नसतो, तर तसंच सरळ पाचेक मिनिटांवर एक घर आहे. १९३८ मध्ये आमेदेओ माइउरीच्या उत्खननात तिथे हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. वीतभर उंचीची, दागिन्यांनी लगडलेली, दोन्ही बाजूंना दासी. 'पॉम्पेईची लक्ष्मी' हे नाव तिला नंतर चिकटलं. लक्ष्मी म्हणण्यापेक्षा यक्षी म्हणणं अनेकांना जास्त योग्य वाटतं. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदन इथे सापडल्या. तेर म्हणजे पेरिप्लसमधलं तगर, जिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. म्हणून मूर्ती दख्खनची असावी असं एक मत. पण तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. म्हणून दुसरं मत. आपलं मन अर्थातच तेरकडे ओढतं. माझंही ओढतं, पण त्या ओढीला पुरावा म्हणता येणार नाही.

मी गाईडला या मूर्तीबद्दल विचारलं. "हो, हो, इंडियन व्हीनस! नेपल्सच्या म्युझियममध्ये," म्हणाला, आणि छत्री उंचावून पुढे निघाला. घर कुठलं, ते त्याला सांगता आलं नाही, किंवा सांगायला वेळ नव्हता.

आम्ही रोमहून दोन दिवसांनी आमच्याआमच्या पैशाने रेल्वेने नेपल्सला गेलो. मूर्ती तिथल्या 'गुप्त दालनात' ठेवलीय. हे दालन मुळात पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तू सभ्य नजरेपासून दूर ठेवायला केलेलं. आपली यक्षी तिथे कशी, तर अंगावर दागिन्यांशिवाय फारसं वस्त्र नाही, एवढंच कारण मला दिसलं. आपल्याकडे असल्या मूर्ती स्तूपांच्या तोरणांवर उघड्यावर उभ्या असतात. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेला कांस्याचा पोसायडन आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो रोमन जगातून इकडे आला, ही तिकडे गेली. तो तरी सगळ्यांना दिसेल असा उभा आहे.

तर उत्तर असं. पॉम्पेईला जायचं तर नेपल्समध्ये मुक्काम करा. तिथून लोकल गाडी थेट उत्खननाच्या दाराशी सोडते. सकाळी उघडता उघडता आत शिरा, पुरातत्त्व खात्याचा नकाशा घ्या, पाण्याची बाटली घ्या, हौद अजून चालू आहेत. गाईड हवाच असेल तर लहान गटाचा घ्या आणि आधीच विचारा, कारखान्याचं दुकान आहे का. दुसरा दिवस म्युझियमला ठेवा, कारण चांगली भित्तिचित्रं आणि वस्तू शहरात नाहीत, तिथे आहेत. आणि भिंती बघताना हेही लक्षात असू द्या की १९४३ मध्ये या शहरावर दोस्तांच्या विमानांनी दीडशेहून अधिक बॉम्ब टाकले होते. तुम्ही बघता त्यातलं बरंचसं विसाव्या शतकात पुन्हा बांधलेलं आहे. आमच्या गाईडने प्रत्येक भिंतीला "दोन हजार वर्षं" म्हटलं.

मंडळासाठी एक सूचना, कुणी रागावू नये. पुढच्या महिन्यात किल्ल्याचा वॉक आहे. कमल बस्तीपाशी आपण १२०४ हे साल सांगतो, रट्टांचं नाव सांगतो, बरोबरच आहे. पण ते साल कुठल्या शिलालेखावरून आलं, तो लेख आज कुठे आहे, हे सांगत नाही. आणि भुयाराची गोष्ट मात्र दर वेळी सांगतो. मीच सांगतो, रंगवून. मागच्या वेळी एका शाळकरी मुलीने विचारलं होतं, "काका, त्या भुयारात कोण गेलंय?" मी हसून पुढे निघालो होतो. छत्री नव्हती हातात, इतकंच.