ओझ्याची रेषा

कलेची गोष्ट निघाली की आपण धार-देवासची मराठी माणसे फार लवकर श्रीमंत होऊन जातो. धारचा माणूस रघुनाथ कृष्ण फडके यांच्या स्टुडिओकडे बोट दाखवतो. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारा शिल्पकार आमच्या गावी येऊन राहिला, हे सांगताना त्याचा आवाज जरा चढतो. देवासकराला तर बोटही दाखवावे लागत नाही. १९४८ साली कुमार गंधर्व आजारपणात तिथे आले आणि १९९२ पर्यंत तिथलेच होऊन राहिले, एवढे सांगितले की पुरते. हा अभिमान रास्तच आहे. पण त्यातून डोळ्याला एक वाईट खोड लागते. सुंदर वस्तू म्हणजे मोठ्या माणसाने केलेली वस्तू, असे आपण धरून चालतो, आणि आग्रा-मुंबई रस्त्यावरून रात्रंदिवस जे जाते-येते ते आपल्या लेखी नुसता 'ट्रॅफिक' उरते.

ह्या खोडीवरचा उतारा आपल्याच घरात आहे. विष्णू चिंचाळकर, म्हणजे आपले गुरुजी, जन्माने जुन्या देवास संस्थानातले. इंदूरला देवळालीकरांच्या तालमीत रीतसर चित्रकला शिकले, आणि पुढे वाळक्या पानांतून, बियांतून, मोडक्यातोडक्या टाकाऊ वस्तूंतून आकार शोधत राहिले. आकार वस्तूत असतोच, तो पाहणारा हवा, ही त्यांची शिकवण. २००० साली ते गेले. शिकवण मात्र आपण मुलांच्या शिबिरांपुरती ठेवली. ती रस्त्यावरच्या गाड्यांना लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी बैलगाडीचे चाक घ्या. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे, आणि सर्वांवर लोखंडी धाव. धाव लाल होईतो तापवायची, चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. निवताना लोखंड आवळते आणि लाकडाचे सारे सांधे एकमेकांत घट्ट रुततात. चाकाची गोलाई ही सुताराची हौस नव्हे. लोहाराची आग, पाणी आणि पुढे येणारे ओझे ह्या तिघांनी मिळून काढलेली ती रेषा आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे सांगितली. तिन्ही ह्या चाकात सापडतात, फक्त मर्ढेकरांना ते ओझे आवडले नसते. सौंदर्य संवेदनांच्या रचनेत, उपयोगाचा तिथे संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे. इथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. कामाच्या गाडीतून काम वजा केले तर जे उरते ते सौंदर्य नव्हे, शोभेची वस्तू होय.

टेम्पोचेच पाहा ना. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी हांबुर्गच्या कारखान्याच्या सहकार्याने जी तीनचाकी आणली, तिचे नाव मराठीत (आणि माळव्याच्या हिंदीतही) सामान्यनाम होऊन बसले. पुढे एकच चाक, त्याच्यावरच इंजिन, म्हणून ते लांबट नाक. गाडी देखणी नव्हती, पण प्रामाणिक होती: जिथे यंत्र तिथे फुगवटा, जिथे माल तिथे पोकळी. ह्याच कंपनीचा कारखाना पुढे आपल्या धार जिल्ह्यात, पीथमपूरला आला. आज तिथेच, २०२१ पासून, गाड्यांचा वेग तपासण्यासाठी ११.३ किलोमीटरची लंबगोल धावपट्टी आहे. तिथे धावणाऱ्या गाडीचे रूप वारा ठरवतो. आपल्या रस्त्यावरच्या गाडीचे रूप अजून ओझेच ठरवते.

ट्रकबद्दल बोलणारे बहुतेक लोक ट्रकची चित्रे पाहतात, ट्रक पाहत नाहीत. कमळ, मोर, गाय-वासरू, डोळे ही चित्रे उचलून किटलीवर आणि झोळीवर छापली की 'ट्रक आर्ट' तयार. मला ही फॅशन पोकळ वाटते. ट्रकचे पहिले सौंदर्य खाली आहे, चाकाच्या वर, पाट्यांच्या वळणात. गाडी रिकामी असते तेव्हा पाट्यांची कमान स्पष्ट दिसते. बेताचा माल भरला की ती जवळजवळ सपाट होते, आणि ओझे मर्यादेपलीकडे गेले की कमान उलटी वळते. ही एकच रेषा समीक्षकाला पुरेशी आहे. मनावर-कुक्षीकडून कापूस भरून येणारी गाडी हौद्याबाहेर फुगलेली, दोरांनी आवळलेली, मोठी मनोहर दिसते. कापूस हलका असतो, आणि पाटे ते सांगतात. तोच फुगवटा लोखंडाच्या मालाने आणला, पाटे उलटे वळले, तर त्या गाडीवरचा मोर कितीही सुरेख असो, तिला सुंदर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मानपूरहून धामनोदकडे उतरणाऱ्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन किती गाड्या गेल्या हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. २०२४ च्या अखेरीस तिथे नवा, सौम्य उताराचा रस्ता झाला, तोवर त्या घाटाने ह्या प्रश्नाचा निकाल अनेकदा लावला होता.

रंगाची गंमत निराळी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी नॅशनल परमिटच्या गाडीला वाळक्या पानाचा तपकिरी रंग आणि रुंद पांढरी किनार ठरवून दिली होती. हुकूम सरकारी, पण पेंटरांनी त्याचे माहेश्वरी लुगडे केले! अंग गडद आणि शांत, सारी करामत किनारीत आणि पदरात. पदर म्हणजे फाळका.

आणि फाळक्यावर अक्षरे. इथे आपल्यासारख्या दुभाषी घरांना जे दिसते ते इतरांना दिसत नाही. देवासच्या टेकडीवर थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या पाठीवर तीच तुळजाभवानी. नाशिक-सोलापूरकडच्या पेंटरचा 'ल' दोन पाकळ्यांचा असतो, 'श' गाठीचा, आणि 'तुळजा'तल्या 'ळ'ला तो जरा जास्तच ऐसपैस जागा देतो. आपल्याकडचा पेंटर 'तुलजा' लिहितो. त्याचा 'ल' दांडीला टेकून उभा राहतो, आणि खालची लाल सावली मात्र तो अधिक सफाईने सोडतो. देवी एकच, हात दोन. रस्त्याकडेच्या ढाब्यावर अशा दोन गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या असल्या की नुसत्या अक्षरांच्या वळणावरून गाव ओळखता येते. 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंदी घातली, त्याचे मला फारसे दुःख नाही. ते वाक्य सगळीकडे सारखेच होते.

दुःख रेडियमचे आहे. संगणकावर कापलेली चकचकीत अक्षरे रात्री लांबून दिसतात. पाठीमागून येणाऱ्याचा जीव त्याने वाचतो, म्हणून पट्ट्यांबद्दल तक्रार नाही. पण देवीचे नाव, मुलांची नावे, गावाचे नाव हेही त्याच दुकानातून कापून येते, आणि तिथे सगळ्यांचा 'ल' एकच असतो. धारमध्ये काय, देवासमध्ये काय, अशा दुकानात 'ळ' मागून पाहा. मिळतो, पण तो कापणाऱ्याला आधी कागदावर काढून दाखवावा लागतो.