फुप्फुसाचा वंश

तुम्ही इकडे कधी स्पायरोमेट्री केली असेल, म्हणजे नळीत जीव तोडून फुंकायची ती तपासणी, तर फुंकण्याआधी यंत्रात तुमचं वय, उंची, लिंग आणि बहुधा वंशही भरला गेला असणार. पहिल्या तिन्हींचं कारण समजतं. चौथा रकाना आला कुठून, हे लंडी ब्राऊन यांचं 2014 सालचं 'ब्रीदिंग रेस इन्टू द मशीन' हे पुस्तक सांगतं. मी फुप्फुसांच्या जुनाट आजारांवर पोस्टडॉक करते. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ते वाचावं असं मला वाटतं, आणि तरी ते मला अर्धवट वाटतं.

इतिहासाचा भाग जबरदस्त आहे. जॉन हचिन्सनने 1846 मध्ये लंडनमध्ये यंत्र मांडलं. काही वर्षांतच अमेरिकेच्या दक्षिणेतला गुलामगिरीचा समर्थक डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट सांगू लागला की काळ्यांची फुप्फुसं 20 टक्क्यांनी कमी भरतात. यादवी युद्धातल्या सैनिकांची मोजणी करून बेंजामिन गोल्डने 1869 मध्ये त्याला आकड्यांचं बळ दिलं. राहणीमान, कष्ट, कोंदट जागा, लहानपणचे आजार यांचा हिशेब कोणी धरलाच नाही. पुढे ही वजावट यंत्रातच जाऊन बसली: काळ्यांसाठी 10 ते 15 टक्के, एशियनांसाठी 4 ते 6.

हे किती महागात पडतं? समजा तुमच्या आईकडून 3 लिटरची अपेक्षा आहे आणि ती 2.3 लिटर फुंकते. म्हणजे 77 टक्के. अनेक ठिकाणी 80च्या खाली गेलं की डॉक्टर भुवया उंचावतात. पण 6 टक्के वजा केले की अपेक्षाच 2.82 होते आणि आई 82 टक्क्यांवर, म्हणजे 'नॉर्मल'! तिने वीस वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन धूर खाल्ला असेल, तर तो त्या वजावटीत गडप झाला.

पुस्तक कमी पडतं ते इथेच. वेल्सच्या खाणी आहेत, दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी आहेत. भारताला मात्र स्वतंत्र प्रकरण नाही. सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्याच्या संदीप साळवींनी पीटर बार्न्स यांच्यासोबत 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं, म्हणजे विषय हाताशी होता. शिवाय सीओपीडीचं निदान मुळात पहिल्या सेकंदातला श्वास आणि एकूण श्वास यांच्या गुणोत्तरावर, 0.70च्या रेषेवर होतं. वंशाच्या वजावटीने ते फारसं हलत नाही; हलते ती आजाराची तीव्रता. हा फरक ब्राऊन यांनी ठळक करायला हवा होता.

2023 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशविरहित समीकरण वापरायला सांगितलं. छान झालं. पण त्यामागच्या माहितीत भारतीय उपखंड नाहीच. 2012च्या समीकरणांतूनही तो वगळलेला होता. त्यामुळे 'जागतिक' हा शब्द मला जरा खटकतो.

तोवर आईबाबांचा रिपोर्ट हातात आला की टक्क्यांआधी लिटरचा आकडा बघा, कोणतं समीकरण वापरलं ते विचारा, आणि भारतातला जुना रिपोर्ट असेल तर तो शेजारी ठेवा. लिटरला वंश नसतो.