शालेय इतिहाससंशोधनाच्या स्पर्धा आणि पुराव्याची भाषा

शाळकरी मुलांनी इतिहासाचे संशोधन करावे, ही सूचना आपल्या विद्वद्वर्तुळात अजूनही स्मितहास्यानेच ऐकली जाते. इतिहास हा पाठ करावयाचा विषय, आणि इतिहासाची स्पर्धा म्हणजे वक्तृत्व, निबंध, प्रश्नमंजूषा, फार तर दिवाळीतील किल्ले, अशी आपली समजूत आहे. अन्यत्र मात्र हा प्रयोग अर्धशतक जुना झाला. जर्मनीत १९७३ साली राष्ट्राध्यक्ष गुस्ताव्ह हाइनेमान व उद्योजक कुर्ट क्योर्बर ह्यांनी अशी स्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंड येथे डेव्हिड व्हॅन टॅसल ह्या इतिहासाच्या प्राध्यापकाने ‘नॅशनल हिस्टरी डे’चा आरंभ केला. सहावी ते बारावीचे विद्यार्थी तीत निबंध, प्रदर्शन, अनुबोधपट, नाट्यप्रयोग किंवा संकेतस्थळ ह्यांपैकी एका रूपात आपले संशोधन मांडतात. आणि मूळ साधने कोणती, दुय्यम कोणती, प्रत्येकाचा उपयोग कसा झाला, ह्याची टिपणांसह यादी जोडतात.

ह्या स्पर्धेची गुणदानपद्धती अभ्यासण्याजोगी आहे. पूर्वी शंभरांपैकी साठ गुण ऐतिहासिक गुणवत्तेस, वीस वार्षिक सूत्राशी असलेल्या संबंधास आणि वीस मांडणीच्या स्पष्टतेस होते. २०२० च्या सुधारित नियमांनी सूत्राचे वेगळे गुण काढून ऐतिहासिक गुणवत्तेचा वाटा ऐंशीवर नेला. हा बदल मला योग्य वाटतो. तथापि एक दोष उरतोच. स्पर्धकाने आपले प्रतिपादन आरंभीच ठामपणे सांगावे, असा तेथील आग्रह असतो. पंधरा वर्षांच्या मुलाने ठाम बोलण्यास शिकणे अवघड नाही. ‘एवढे कळले, एवढे कळले नाही’ असे लिहिण्यास शिकणे फार अवघड आहे, आणि त्यास गुण देण्याची सोय कोणत्याही तक्त्यात सहसा नसते.

आपल्याकडे तयारी अगदीच नाही असे नव्हे. राज्याच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात २०१८ पासून इतिहासलेखनाची पाश्चात्त्य व भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास अशी प्रकरणे आली. राजवाड्यांनी साधनांचे बावीस खंड काढले हे मुलास ठाऊक असते. एक साधन स्वतः हाताळून पाहण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर क्वचितच येतो. विज्ञानाच्या बाबतीत राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने १९९३ पासून मुलांना गावातलाच प्रश्न घेऊन प्रकल्प करावयास लावले. इतिहासाच्या वाट्यास तितक्या विस्ताराचे असे काही आले नाही.

काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत ‘माझ्या गावाचा इतिहास’ ह्या विषयावरील निबंध तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. अक्षर सुंदर, भाषा अलंकृत. पण एकाही निबंधात ‘म्हणे’ हा शब्द नव्हता. आमच्यासारख्या भाषाभ्यासकास ही गोष्ट लहान वाटत नाही. घाट अमक्याने बांधला, बांधला असावा, बांधला म्हणे. मराठी क्रियापद निश्चय, अनुमान आणि ऐकीव वार्ता ह्यांचा भेद इतक्या सहजतेने दाखविते. घरी आजीशी बोलताना मूल हे तिन्ही प्रयोग अचूक करते. निबंधाची वही उघडताच दोन गळून पडतात व सर्व विधाने ‘बांधला’वर येऊन स्थिरावतात. पुराव्याचे जे व्याकरण मुलाजवळ जन्मजात भाषेतून आलेले असते, तेच आपण ‘शुद्ध लेखना’च्या नावाखाली पुसून टाकतो.

उदाहरणार्थ, गोदावरीकाठच्या पुणतांब्याच्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करू. दौंड-मनमाड लोहमार्गावरील हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. गावाचे नाव ‘पुण्यस्तंभ’ ह्यावरून आले, असे तो ऐकत आलेला असतो. ‘पुण्य’चे ‘पुण’ होणे सुलभ आहे. ‘स्तंभ’चे प्राकृत रूप ‘थंभ’. आपले ‘थांबणे’ त्यातूनच आले. मग ‘थ’चा ‘त’ कसा झाला? असे होणे अशक्य नाही. ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’ ही मालिका प्रसिद्धच आहे. पण ती शब्दान्तीची गोष्ट, ही समासातील. गावाच्या नावाचे जुन्यात जुने लिखित रूप मिळेपर्यंत येथे ‘असावे’ हेच क्रियापद शोभते. गावात चांगदेवांची समाधी आहे. तापी-पूर्णा संगमावर, जळगाव जिल्ह्यात, चांगदेव नावाचेच गाव व मंदिर आहे. चौदाशे वर्षांच्या आयुष्याची कथा दोन्हीकडे सांगतात. ह्यांपैकी खरे कोणते, हा मुलासाठी निष्फळ प्रश्न होय. कोणती गोष्ट कोण सांगतो आणि कोठे वाचून सांगतो, हा प्रश्न मात्र दहावीच्या मुलासही झेपेल.

परंतु त्या मुलाचा खरा विषय घराजवळच आहे. एप्रिल २०१७ मध्ये ह्याच गावच्या ग्रामसभेत शेतकऱ्यांच्या संपाचा ठराव झाला आणि १ जूनपासून राज्यभर दूध-भाजीपाला रोखला गेला. ३ जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. इतरांनी ते अमान्य केले. २४ जूनला सुमारे ३४,००० कोटी रुपयांच्या कर्जमाफीची घोषणा झाली. संप कोणी मोडला, की मोडलाच नाही? ह्याचे साक्षीदार हयात आहेत, परस्परविरुद्ध बोलतात, आणि बहुधा त्या मुलाचे काका-मामाच आहेत. ‘शेतकऱ्यांचा पहिला संप’ हे वर्णनही त्यास तपासता येईल. कुलाबा जिल्ह्यातील चरीचा कुळांचा संप १९३३ ते १९३९ असा चालला होता. जाता जाता सांगतो, गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. मोल्सवर्थच्या कोशात मराठी ‘संप’ काय म्हणतो ते मुलाने स्वतः पाहावे. फुटलेल्या संपाविषयी लिहिताना तो शोध वाया जाणार नाही.

असा निबंध आला तर परीक्षक काय करतील? पासाउ येथील आना रोस्मुस ह्या विद्यार्थिनीने १९८० च्या सुमारास जर्मन स्पर्धेसाठी नाझी काळातील आपल्या गावाचा शोध घेतला, तेव्हा तिला दफ्तरे पाहू देण्यास टाळाटाळ झाली. पुढे तिला न्यायालयात जावे लागले. स्पर्धेच्या विषयपत्रिकेने दार उघडले होते, गावाने नव्हे. आपल्या आयोजकांना ‘थोर पुरुष’ आणि ‘गौरवशाली परंपरा’ हे विषय प्रिय असतात, ह्याचे कारण त्यांत कोणाचे काका-मामा दुखावत नाहीत.

आयोजकांस एक व्यावहारिक अडचणही कळवावीशी वाटते. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल माहितीच्या अधिकाराने मागितली, तर २००५ च्या कायद्यानुसार उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. आमच्याकडे आलेल्या त्या निबंधांसाठी मुलांना मिळाले होते बारा दिवस.